खवट

तेल नासतं तेव्हा आवाज होत नाही.
रंग तोच राहतो, धारही तशीच सुटते.
दोन थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्यानं चोळायचे,
ऊब आली की नाकाशी न्यायचे.
मग कळतं.

इतवारीत आमचं चाळीस वर्षांचं तेलाचं दुकान.
मोठे भाऊ, शालिकराम गिऱ्हेपुंजे,
डबा न फोडता सांगायचे,
"हे जवस उन्हात उभं होतं बाप्पा, परत पाठव."
आणि ते उन्हातच उभं असायचं.
माझं शिक्षण तेवढंच:
डबा गळ्यापर्यंत भरावा, हवेला जागा ठेवू नये,
तांब्याच्या भांड्याला तेल दाखवू नये.

एक्कावन्नाव्या वर्षी भाऊ गल्ल्यावरच गेले.
हातात पावतीपुस्तक, अर्धी लिहिलेली पावती.
लोक म्हणाले, नळी तुंबली.
वीस वर्षं मीही तेच म्हणत आलो.

मग माझी पाळी.
धंतोली, तिसरा मजला,
पडद्यावर माझं राखाडी हृदय धडधडतंय
आणि एका वळणावर धार बारीक झालेली,
मे महिन्यातल्या कन्हानसारखी.

आहाराचं सांगायला श्रावस्ती वासनिक नावाची पोरगी आली.
"काका, तुमची नळी म्हणजे नुसता पाइप नाही.
रक्तातून चरबीचे बारके कण फिरतात,
त्यातले काही भिंतीच्या आत शिरतात,
तिथंच अडकतात, आणि मग ते..."
ऑक्सिडाइझ म्हणाली. माझ्याकडे पाहून थांबली,
दुसरा शब्द शोधू लागली.

मी म्हणालो, "खवट होतात."

तिनं पेन खाली ठेवला.
"हो. खवट होतात.
मग शरीर ते गिळायला शिपाई पाठवतं
आणि शिपाईच फुगून तिथं ढीग होऊन पडतात."

एवढं वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.
दुकानात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तेलाबद्दल.

तिनं कागदावर लिहिलं संत्रं, आवळा, अंबाडीची भाजी,
जवसाची चटणी, पण ताजी कुटलेली.
म्हणाली, यांच्यात असं काही असतं
जे आधी स्वतः नासून घेतं,
म्हणजे शेजारचं वाचतं.
मला भाऊंची चौथीत सुटलेली शाळा आठवली,
आणि माझी न सुटलेली.
मी कागदाची घडी घातली.

भाचा गोळ्यांची बाटली घेऊन आला.
"मामाजी, एका गोळीत चाळीस संत्र्यांची ताकद!"
डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली, परत दिली.
"हजारो लोकांना अशा गोळ्या देऊन पाहिल्या,
हृदयाला फायदा दिसला नाही.
फळ खा, भाजी खा. मी लिहून दिलेली गोळी सोडू नका."
"मग फळातलं चालतं अन् बाटलीतलं काहून नाही?"
"पुरतं कळलेलं नाही अजून," ते म्हणाले.
चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला
मी असं उत्तर दिलं नव्हतं.

तर्री सुटली.
कॉटन मार्केटच्या ठेल्यावरून जाताना मान अजून वळते,
मग तिसऱ्यांदा तापलेल्या तेलाचा वास येतो
आणि नाक मान परत आणतं.

फेब्रुवारीत कळमन्याहून मृगाची संत्री आणली,
साल ढिली, आत आंबट.
गॅलरीत बसून एक सोललं.
बोटांवर सालीचं तेल उडालं,
तेही तेलच म्हणा.

काय वाटलं कोण जाणे,
मनगटाची नाडी चाचपली,
तिथंच अंगठा घासत राहिलो, ऊब येईपर्यंत,
आणि मनगट नाकाशी नेलं.

संत्र्याचा वास आला.
आतलं काही कळलं नाही.

बंद डब्यातलं ओळखणाऱ्या भाऊंना
स्वतःचं कुठं कळलं होतं.

फोडी मोजल्या, अकरा होत्या.
बिया थुंकायला वाटी आणायची राहिली होती.